विंडोज अपडेट फसतंय? आधी कोड वाचा, टप्पा ओळखा, मग हात घाला

मुठाकाठ (धागाकर्ता)

घरच्या संगणकावर विंडोजचं अपडेट परत परत फसत असेल तर नेटवर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: ट्रबलशूटर चालवा, एसएफसी चालवा, डिस्म चालवा (दोन्ही विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणाऱ्या आज्ञा), नाहीच झालं तर फॉरमॅट मारा. हे सगळं डोळे मिटून करत बसण्यात अख्खा रविवार जातो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. बिघडलेल्या सिस्टिम फाइली हे अनेक कारणांपैकी फक्त एक कारण आहे. सी ड्राइव्ह भरलेला असतो, घड्याळ चुकलेलं असतं, एखादं छोटं छुपं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) अपुरं पडतं, डिस्क शेवटच्या घटका मोजत असते. यातल्या एकालाही एसएफसीने फरक पडत नाही.

म्हणून आधी बघायचं ते अपडेट कुठे पडलं. चार टप्पे धरा: शोध, डाउनलोड, विंडोज चालू असताना होणारं इन्स्टॉल, आणि रीस्टार्टनंतरचं काम. पहिल्या दोनात अडलं तर बहुधा नेट, घड्याळ, प्रॉक्सी किंवा बंद पडलेली सेवा. तिसऱ्यात अडलं तर जागा, कॉम्पोनंट स्टोअर (विंडोजच्या फाइलींच्या मूळ प्रतींचा साठा), अँटिव्हायरस. रीस्टार्टनंतर ३०-३५ टक्क्यांवर जाऊन 'अनडूइंग चेंजेस' येत असेल तर ड्रायव्हर, बूटचं पार्टिशन किंवा डिस्क.

कोड मिळतो सेटिंग्ज > विंडोज अपडेट > अपडेट हिस्टरी इथे. नुसता कोड पुरत नाही, त्यासोबत केबी क्रमांकही (त्या अपडेटची ओळख) टिपा. ०एक्स८००७०६४३ हा कोड डॉट नेटच्या अपडेटला येतो, डिफेंडरच्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या) व्याख्यांना येतो आणि रिकव्हरी पार्टिशनच्या (दुरुस्तीची साधनं ठेवलेल्या छुप्या भागाच्या) अपडेटलाही येतो. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की जो आलेख उघडतो, त्यात कुठल्या दिवशी काय फसलं ते तारखेनिशी दिसतं. त्याच दिवशी एखादा ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस बसवलेला दिसला तर निम्मं निदान तिथेच होतं.

महिन्याचं मुख्य सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी १० वाजता, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री १०:३० आणि हिवाळ्यात ११:३० ला. बुधवारी सकाळी घाईच्या कामाआधी संगणक सुरू केला आणि तो अपडेटमध्ये गुंतला, याचं कारण हे.

या धाग्यात प्रश्न विचारताना एवढं द्या: विनव्हर या आज्ञेने दिसणारी आवृत्ती, केबी क्रमांक, कोड, टप्पा, सी ड्राइव्हवरची रिकामी जागा, हार्ड डिस्क की एसएसडी, आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन वा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयी) चालू आहे का.

आज्ञा इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना रोमन अक्षरांत करा, तिरप्या रेघा आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवा. सगळ्या आज्ञा कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून द्यायच्या.

कोकणकडा

पहिल्या दोन टप्प्यांबद्दल.

०एक्स८००७२एफ८एफ दिसला की आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. सर्व्हरचं प्रमाणपत्र त्या तारखेला वैधच नसतं, त्यामुळे सुरक्षित जोडणी होत नाही. हा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. संगणकाची वायर काढून, जुना सेल बाजूची पकड दाबून काढायचा आणि नवा अधिक खूण वर ठेवून बसवायचा. मग बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) तारीख-वेळ भरायची. काही बोर्डांवर बायोसची बाकीची सेटिंग्जही मूळपदावर जातात, म्हणून साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा मोड (एएचसीआय की रेड) आधीच टिपून ठेवा. तो बदलला तर विंडोज बूटच होणार नाही.

०एक्स८००७२ईई२ म्हणजे सर्व्हरकडून वेळेत उत्तर नाही. व्हीपीएन बंद करा, प्रॉक्सी तपासा. मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर ती जोडणी 'मीटर्ड' (डेटा मोजून वापरायची) धरली गेलीय का बघा. मीटर्ड जोडणीवर बरीच अपडेट्स डाउनलोडच होत नाहीत आणि तिथे चूक म्हणून काही दिसतही नाही, नुसतं थांबलेलं दिसतं.

'काही सेटिंग्ज तुमची संस्था नियंत्रित करते' अशी ओळ घरच्या संगणकावर दिसली, तर कुणीतरी 'विंडोज हलकं करणारी' स्क्रिप्ट चालवलेली असते. ती अपडेट सेवा बंद करते, कधी होस्ट्स फाइलमध्ये अपडेटचे पत्ते अडवते. जिने बदल केले तिच्याच 'अनडू'ने ते परत घ्या. आणि असेंबल केलेल्या मशीनवर घटक कापून काढलेलं विंडोज बसवलेलं असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. जे घटक मुळात नाहीत त्यांच्यावर अपडेट बसणार कसं? तिथे मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेल्या आयएसओने (विंडोज बसवायची सगळी सामग्री असलेल्या फाइलीने) कोरं इन्स्टॉल हाच मार्ग आहे.

सांगलीकर_८४

विंडोज १० २२एच२, होम सिंगल लँग्वेज. मासिक अपडेट इन्स्टॉलच्या टप्प्यात ०एक्स८००७३७१२ देतं. डिस्मचा रिस्टोअरहेल्थ (स्टोअर दुरुस्तीचा पर्याय) ०एक्स८००एफ०८१एफ वर थांबतो, म्हणजे लागणारी फाइल सापडत नाही. आयएसओ माउंट करून (ड्राइव्हसारखा उघडून) सोर्स दिला तरी तेच. सी वर ४१ जीबी रिकामे, एसएसडी, एन्क्रिप्शन नाही. आयएसओ तर बरोबर आवृत्तीचंच आहे, मग फाइल का सापडत नाही?

मुठाकाठ

सांगलीकर, दोन शक्यता आहेत आणि दोन्ही तपासता येतात.

पहिली, इंडेक्सची, म्हणजे आयएसओतल्या आवृत्तीच्या क्रमांकाची. एका आयएसओत अनेक आवृत्त्या असतात. सोर्सपुढे लोक सर्रास ':१' लिहितात, पण १ म्हणजे बहुधा साधं होम. आपल्याकडच्या लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज सर्रास असतं आणि त्याचा इंडेक्स वेगळा असतो. आधी हे चालवा:

डिस्म /गेट-विमइन्फो /विमफाइल:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम

(ई च्या जागी माउंट झालेल्या आयएसओचं अक्षर, फाइल इन्स्टॉल.ईएसडी असेल तर तसं लिहा.) यादीत तुमच्या आवृत्तीपुढचा आकडा घ्या आणि मग:

डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ /सोर्स:विम:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम:३ /लिमिटअ‍ॅक्सेस

३ च्या जागी तुमचा आकडा. फाइल ईएसडी असेल तर सोर्समध्ये 'विम' ऐवजी 'ईएसडी'. चालताना २० किंवा ६२ टक्क्यांच्या आसपास तो बराच वेळ हलत नाही. तेव्हा खिडकी बंद करू नका.

दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. आयएसओ बनला त्यानंतर तुमच्या संगणकावर महिन्यामागून महिने अपडेट्स बसली. बिघडलेली फाइल त्यातल्या एखाद्या अपडेटची असेल तर जुन्या आयएसओत ती आवृत्तीच नाही, मग सापडणार कुठून? सी:\विंडोज\लॉग्ज\सीबीएस मधली सीबीएस.लॉग नोटपॅडमध्ये उघडा आणि शेवटाकडून 'पेलोड करप्ट' शोधा. प्रत्येक ओळीत घटकाचं लांब नाव आणि त्यात आवृत्ती असते. २२एच२ मध्येही हे आकडे १०.०.१९०४१ ने सुरू होतात, त्याने गोंधळू नका. पुढचा भाग आयएसओच्या बिल्डपेक्षा मोठा असेल तर डिस्मला तो आयएसओ निरुपयोगी आहे. अशा वेळी सरळ इन-प्लेस दुरुस्ती (सगळं ठेवून त्यावरच विंडोज परत बसवणं) करा, डिस्मशी झगडण्यात अर्थ नाही.

क्रमाचंही सांगतो. डिस्म आधी, एसएफसी /स्कॅननाऊ नंतर. एसएफसी चांगल्या फाइली कॉम्पोनंट स्टोअरमधूनच उचलतं. स्टोअरच नासलेलं असेल तर तो उचलणार काय?

नोंदवही

याच कुटुंबातला दुसरा कोड: ०एक्स८००एफ०८३१. म्हणजे आधीच्या एखाद्या अपडेटचा पॅकेज-तपशील स्टोअरमध्ये नाही. सीबीएस.लॉगमध्ये 'मॅनिफेस्ट मिसिंग फॉर पॅकेज' शोधा, त्या ओळीत आधीच्या अपडेटचा केबी क्रमांक असतो. तो मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवरून उतरवून बसवा, रीस्टार्ट करा, मग नवं अपडेट परत द्या. कॅटलॉगवर ६४-बिटसाठी 'एक्स६४' लिहिलेलंच घ्या, 'एआरएम६४' नाही.

आणि विनएसएक्सएस फोल्डर (हेच कॉम्पोनंट स्टोअर) मोठं दिसतं म्हणून हाताने काहीही काढू नका. जागा हवी असेल तर डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /स्टार्टकॉम्पोनंटक्लीनअप. त्यापुढे /रिसेटबेस जोडलं तर आधी बसलेली अपडेट्स पुढे काढता येत नाहीत, म्हणून अपडेट वादात असताना ते जोडू नका.

कोकणकडा

जागेवरून आठवलं. सेटिंग्ज > स्टोरेज > टेम्पररी फाइल्स मध्ये 'विंडोज अपडेट क्लीनअप' आणि 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स' निवडायला हरकत नाही. मात्र त्याच यादीत 'डाउनलोड्स' असतं. त्यावर खूण राहिली तर तुमच्या डाउनलोड फोल्डरमधलं सगळं जातं. बँकेची स्टेटमेंट्स, मुलांचे फॉर्म, सगळं. यादी शेवटपर्यंत वाचूनच बटण दाबा. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या अपग्रेडला किमान २० जीबी मोकळे ठेवा.

तळेगाव_तंत्र

सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन फोल्डरचं नाव बदलण्याचा उपाय कुणी लिहिला नाही. डाउनलोड अर्धवट राहून तेच तेच फसत असेल तर तो चालतो. सर्व्हिसेस उघडा, 'विंडोज अपडेट', 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' आणि 'क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस' या तिन्ही थांबवा. मग सी:\विंडोज\सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन चं नाव बदलून पुढे '.ओल्ड' लावा. तसंच सिस्टिम३२ मधल्या कॅटरूट२ चं. शेजारी नुसतं 'कॅटरूट' आहे, त्याला हात लावायचा नाही. क्रिप्टोग्राफिक सेवा आपोआप परत सुरू होते आणि मग कॅटरूट२ 'वापरात आहे' म्हणतं. अशा वेळी ती परत थांबवून लगेच नाव बदला. नंतर रीस्टार्ट. अपडेट हिस्टरीची यादी रिकामी दिसेल, पण बसलेली अपडेट्स जागेवरच असतात.

म्हणून कोड आणि केबी क्रमांक आधी लिहून घ्या, नंतर यादीत ते सापडणार नाहीत.

वीजतंत्री

सॉफ्टवेअरवर तास घालवण्याआधी दहा मिनिटं डिस्कला द्या. क्रिस्टलडिस्कइन्फो सारखं मोफत साधन उघडा आणि हार्ड डिस्क असेल तर ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींचा 'रॉ' आकडा बघा. ०५ म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघणारे सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी५ शून्यापेक्षा जास्त असेल तर अपडेट बाजूला ठेवा आणि आधी डेटा दुसरीकडे उतरवा. चेकडिस्क /आर तेव्हा मुळीच चालवू नका. तो पूर्ण पृष्ठभाग वाचत बसतो आणि कमजोर डिस्क त्याच दमात जाते. आधी नक्कल, मग चाचणी.

फक्त सी७ वाढलेला असेल तर डिस्क बहुधा चांगली आहे, साटा केबल खराब आहे. केबल बदला. सी७ चा जुना आकडा कमी होत नाही, पण पुढे वाढायचा थांबला पाहिजे.

रॅममध्ये दोष असला तरी अपडेट फसतं, कारण डाउनलोड झालेली फाइल उलगडताना एखादा बिट बदलतो आणि पडताळणी जुळत नाही. लक्षण असं की दर वेळी वेगळाच कोड येतो. कोड सारखे बदलत असतील तर विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक चालवा, दोन कांड्या असतील तर एकेक लावून बघा.

विजेबद्दल: डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये वीज जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतचा वेळ संगणकाला जास्त होतो आणि तो बंद पडतो. विंडोजचं मासिक अपडेट मध्येच तुटलं तर बहुधा मागे फिरतं. पण विंडोज अपडेटमधून बायोस वा फर्मवेअर येत असेल आणि तेव्हा वीज गेली, तर बोर्डच अडकू शकतो. पर्यायी अपडेट्समध्ये 'फर्मवेअर' शब्द दिसला तर विजेची खात्री झाल्याशिवाय ते निवडू नका.

पार्टिशन_पंत

आता ०एक्स८००७०६४३ आणि रिकव्हरी पार्टिशन. हा प्रश्न ९ जानेवारी २०२४ च्या केबी५०३४४४१ ने सगळ्यांच्या ओळखीचा केला. ते विंडोज १० च्या रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटचं (विंडोज उठत नसताना उघडणाऱ्या दुरुस्ती व्यवस्थेचं) अपडेट होतं, बिटलॉकरला वळसा घालता येणारी त्रुटी बुजवण्यासाठी. ते बसायला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी रिकामे लागतात. बऱ्याच संगणकांवर ते पार्टिशनच ५००-५५० एमबीचं आणि बहुतांश भरलेलं. म्हणून अपडेट फसतं, आणि संदेशात जागेचा उल्लेखसुद्धा नसतो.

करायचं असेल तर असं. आधी डेटाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर. एन्क्रिप्शन चालू असेल तर ते 'सस्पेंड' करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर घ्या.

१. रीएजंटसी /इन्फो. यात 'हार्डडिस्क०\पार्टिशन४' असं काही दिसेल. हेच तुमचं पार्टिशन. लॅपटॉप कंपनीने दिलेलं १०-२० जीबीचं फॅक्टरी रिकव्हरी पार्टिशन वेगळं असतं, त्याला धक्का लावायचा नाही.

२. डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा, हे पार्टिशन सी च्या लगेच उजवीकडे आहे का? असेल तरच पुढे जा. डिस्कच्या सुरुवातीला, सी च्या आधी असेल तर सी मधून काढलेली जागा त्याला जोडली जात नाही. अशा मांडणीत या एका अपडेटसाठी खटाटोप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

३. रीएजंटसी /डिसेबल. आता सी:\विंडोज\सिस्टिम३२\रिकव्हरी मध्ये विनआरई.विम ही फाइल आली का बघा. ती छुपी सिस्टिम फाइल आहे, त्यामुळे 'डिर /ए' ने बघावं लागतं. फाइल तिथे नसेल तर इथेच थांबा. पुढची पायरी पार्टिशन पुसते आणि फाइल त्यासोबत जाते.

४. डिस्कपार्ट. मग लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क ०, लिस्ट पार्टिशन. सी चं पार्टिशन निवडा आणि: श्रिंक डिझायर्ड=२५० मिनिमम=२५०. मग रिकव्हरीचं पार्टिशन निवडा आणि: डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. ही ओळ देण्याआधी आकडा पायरी १ शी परत ताडून बघा. डिस्कपार्ट 'खात्री आहे का' असं विचारत नाही.

५. नवं पार्टिशन. डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची असेल तर (लिस्ट डिस्कमध्ये जीपीटी रकान्यात तारा) एक लांब ओळख क्रमांक आणि गुणधर्म द्यावे लागतात. ते हाताने टाइप करू नका. मायक्रोसॉफ्टच्या केबी५०२८९९७ या पानावर त्या ओळी आहेत, तिथून उचला. एमबीआर ही जुनी पद्धत असेल तर: क्रिएट पार्टिशन प्रायमरी आयडी=२७. मग फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस, नाव 'विंडोज आरई टूल्स'.

६. बाहेर पडा, रीएजंटसी /इनेबल, परत रीएजंटसी /इन्फो. 'इनेबल्ड' दिसलं की अपडेट पुन्हा द्या.

मुठाकाठ

पंतांच्या पायऱ्यांना एक पुरवणी. ८ एप्रिल २०२५ चं केबी५०५७५८९, तेही रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटचंच, अनेकांना ०एक्स८००७०६४३ दाखवत होतं. त्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितलं की संदेशच चुकीचा आहे, रीस्टार्टनंतर अपडेट बसलेलं असतं. म्हणजे डिस्कपार्टला हात घालण्याआधी एकदा रीस्टार्ट करून 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. फसलेलं अपडेट परत देऊ केलं जात नसेल तर काम झालेलं आहे.

नोंदवही

मी आणखी एक पाऊल मागे येऊन म्हणेन. केबी५०३४४४१ ज्या त्रुटीसाठी होतं तिचा फायदा घ्यायला हल्लेखोराच्या हातात तुमचा संगणक प्रत्यक्ष असावा लागतो, आणि ती त्रुटी एन्क्रिप्शनला वळसा घालण्याची आहे. ज्या डेस्कटॉपवर एन्क्रिप्शनच नाही तिथे हे अपडेट न बसल्याने काय बिघडतं? काही नाही. अशा अपडेटपायी सी चं पार्टिशन आकसणं हा विषम सौदा आहे. आणि ते फसल्यामुळे महिन्याचं मुख्य अपडेट अडत नाही, ते स्वतंत्र येतं.

पार्टिशन_पंत

मान्य. लॅपटॉप बाहेर नेणाऱ्यांनी आणि एन्क्रिप्शन वापरणाऱ्यांनी करावं, बाकीच्यांनी लाल अक्षरांकडे दुर्लक्ष करावं.

दुसरं छोटं पार्टिशन मात्र सगळ्यांना नडतं: ईएफआय, बूटच्या फाइलींचं, सहसा १०० एमबीचं. ते भरलं की मोठं अपग्रेड 'सिस्टिम रिझर्व्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' म्हणतं किंवा ०एक्स८००एफ०९२२ देतं. (हाच कोड व्हीपीएन चालू असतानाही येतो, म्हणून आधी ते बंद करून बघा.) जीपीटी डिस्कवर माउंटव्हॉल वाय: /एस दिलं की ते पार्टिशन वाय म्हणून उघडतं. ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\फॉन्ट्स मधले फॉन्ट काढले तर चालतात, साधारण १५ एमबी मोकळे झाले की पुरतं. तिथेच लॅपटॉप कंपनीच्या नावाचं फोल्डर असतं, त्यात फर्मवेअरच्या जुन्या प्रती साठतात. लिनक्सही असेल तर त्याच्या बूट फाइलीही तिथेच. फॉन्ट्स सोडून काहीही काढायचं असेल तर आधी दुसरीकडे नक्कल करा. बूट फोल्डरमधल्या '.ईएफआय' फाइलींना हात लावलात तर संगणक उठणार नाही.

तळेगाव_तंत्र

मोठ्या अपग्रेडमध्ये ०एक्ससी१९००१०१ आला की लोक घाबरतात. यात कोडचा दुसरा भाग महत्त्वाचा. ०एक्स२००१७, ०एक्स३००१८, ०एक्स४००१७ असं काहीतरी असतं. 'एक्स' नंतरचा पहिला आकडा टप्पा सांगतो: २ म्हणजे तात्पुरत्या सेफ ओएसमध्ये, ३ म्हणजे पहिल्या बूटला, ४ म्हणजे दुसऱ्या. पहिला भाग जवळजवळ नेहमी ड्रायव्हरकडे बोट दाखवतो.

अंदाज बांधत बसू नका. अपग्रेड फसलं की सेटअपडायग हे विंडोजचं निदान-साधन आपोआप चालतं आणि त्याचा निष्कर्ष सी:\विंडोज\लॉग्ज\सेटअपडायग मधल्या फाइलीत असतो. अनेकदा त्यात थेट ड्रायव्हरचं नाव असतं. नाही सापडलं तर सी:\$विंडोज.~बीटी\सोर्सेस\पँथर मधली सेटअपईआरआर.लॉग शेवटाकडून वाचा.

अपग्रेडआधी: प्रिंटर, वेबकॅम, कार्ड रीडर, बाहेरच्या डिस्क काढा, कीबोर्ड, माउस आणि पडदा एवढंच ठेवा. बाहेरचं अँटिव्हायरस नुसतं बंद करून चालत नाही, त्याचा फिल्टर ड्रायव्हर बसलेलाच असतो. पूर्ण काढा, तेही त्या कंपनीच्याच रिमूव्हल साधनाने. डिफेंडर आपोआप जागेवर येतो.

सांगलीकर_८४

इंडेक्स ३ च निघाला. तरी ०एक्स८००एफ०८१एफ. लॉगमधल्या करप्ट फाइलींची आवृत्ती आयएसओपेक्षा नवी आहे, म्हणजे मुठाकाठ म्हणतात ते. आता इन-प्लेसकडे जातोय, पण सेटअपमध्ये 'फाइली आणि अ‍ॅप्स ठेवा' हा पर्याय करडा दिसतोय. का?

मुठाकाठ

भाषा जुळत नाहीये. विंडोज मुळात ज्या भाषेत बसवलं होतं त्याच भाषेचा आयएसओ लागतो, आणि इंग्रजीचे आयएसओ दोन आहेत: 'इंग्लिश' म्हणजे अमेरिकन आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' म्हणजे ब्रिटिश. सेटिंग्जमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' दिसतं ते तारखेच्या नि रुपयाच्या मांडणीचं, त्याचा इथे संबंध नाही. हे चालवा:

डिस्म /ऑनलाइन /गेट-इंटल

'डिफॉल्ट सिस्टिम यूआय लँग्वेज' पुढे यूएस असेल तर 'इंग्लिश', जीबी असेल तर 'इंग्लिश इंटरनॅशनल'. ज्यांनी विंडोजचा चेहरा मराठी केलाय त्यांनाही हेच लागू. मराठीचा आयएसओ नसतो, मराठी हा इंग्रजीवर चढवलेला भाषा-पॅक असतो. म्हणून खालची इंग्रजी कुठली ते बघायचं.

योग्य आयएसओ माउंट करा, सेटअप.ईएक्सई विंडोज चालू असतानाच चालवा. पेनड्राइव्हवरून बूट करून नाही. तिथे फाइली-अ‍ॅप्स ठेवायचा पर्यायच येत नाही. 'चेंज हाउ सेटअप डाउनलोड्स अपडेट्स' मध्ये 'नॉट राइट नाउ' निवडा. शेवटच्या पानावर 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' लिहिलेलं वाचूनच इन्स्टॉल दाबा.

विंडोज ११ च्या २३एच२ आणि पुढच्या आवृत्तीत हे सोपं झालंय. सेटिंग्ज > सिस्टिम > रिकव्हरी मध्ये 'फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट' पुढे 'रीइन्स्टॉल नाउ' आहे. आयएसओ, भाषा, इंडेक्स कशाचीच चिंता नाही. त्यांनी डिस्मच्याही आधी हे करावं असं मी म्हणेन.

टोरांटो_ते_ठाणे

विंडोज ११ २४एच२ वाल्यांसाठी दोन गोष्टी.

८ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२४ दरम्यानची सुरक्षा अपडेट्स घालून बनवलेल्या पेनड्राइव्ह वा डीव्हीडीवरून २४एच२ बसवलं असेल तर पुढची सुरक्षा अपडेट्स बसतच नाहीत. हा मायक्रोसॉफ्टने मान्य केलेला दोष आहे. डिसेंबर २०२४ किंवा नंतरच्या फाइलींचा नवा आयएसओ घेऊन परत इन्स्टॉल करावं लागतं. जुना पेनड्राइव्ह घरात फिरत असेल तर तो आधी पुसून टाका.

दुसरं, कॅटलॉगवरून हाताने अपडेट घेताना २४एच२ ला दोन फाइली मिळतात, कारण सप्टेंबर २०२४ चं केबी५०४३०८० हे 'चेकपॉइंट', म्हणजे पुढच्या अपडेट्सचा पाया आहे. नुसतं नवं एमएसयू (अपडेटची फाइल) दोनदा क्लिक केलं तर फसू शकतं. दोन्ही एकाच रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवा आणि डिस्म /ऑनलाइन /अ‍ॅड-पॅकेज /पॅकेजपाथ: पुढे नव्या फाइलीचा मार्ग द्या. पाया आपोआप शोधला जातो.

वीजतंत्री

अपडेटनंतर संगणक सुरूच होत नसेल तर: बूट होताना तीनदा पॉवर बटण दाबून धरून बंद केला की रिकव्हरी पडदा येतो. ट्रबलशूट > अ‍ॅडव्हान्स्ड > अनइन्स्टॉल अपडेट्स > लेटेस्ट क्वालिटी अपडेट. तेही नाही झालं तर तिथल्याच कमांड प्रॉम्प्टमधून अर्धवट राहिलेली कामं मागे घ्या:

डिस्म /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स

रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. आधी 'डिर सी:' देऊन विंडोज फोल्डर दिसतंय का बघा, नसेल तर डी, ई बघा.

इथे बिटलॉकरची की मागितली जाऊ शकते. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही संगणक थेट त्या निळ्या पडद्यावर उघडत होते. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन न विचारताही चालू झालेलं असतं. की त्या खात्याच्या पानावर असते. ज्यांनी लॅपटॉप विकत घेताना दुकानदाराचं खातं घालू दिलंय, त्यांची की दुकानदाराकडे आहे. आजच बदला.

कोकणकडा

मोठ्या अपग्रेडनंतर मागे फिरायची मुदत १० दिवसांची असते. दहा दिवसांच्या आत हे दिलं तर ती ६० पर्यंत वाढते:

डिस्म /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०

त्या काळात विंडोज.ओल्ड फोल्डर (आधीचं विंडोज त्यातच असतं) पुसायचं नाही.

नोंदवही

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे 'अपडेट येतच नाही' या तक्रारीत आता बिघाड नसून नोंदणी नसणं हे कारण असू शकतं. घरगुती विस्तारित सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं दोन्ही लागतं. सेटिंग्ज > विंडोज अपडेट मध्ये 'एनरोल नाउ' ची ओळ दिसते. सेटिंग्जचं सिंक चालू केलं तर पैसे लागत नाहीत. ओळ दिसत नसेल किंवा नोंदणीची खिडकी उघडून लगेच मिटत असेल तर आधी ऑगस्ट २०२५ चं केबी५०६३७०९ बसलंय का तपासा, ती खिडकी मिटण्याचा दोष त्यात दुरुस्त झाला.

सांगलीकर_८४

गेट-इंटल मध्ये जीबी आलं. इंटरनॅशनलचा आयएसओ घेतला, पर्याय उघडला, इन-प्लेस पूर्ण झालं. मासिक अपडेटही बसलं. रिस्टोअरहेल्थ आता त्रुटी दाखवत नाही.

मुठाकाठ

उत्तम. आता स्टार्टकॉम्पोनंटक्लीनअप लगेच चालवू नका. पुढच्या महिन्याचं अपडेट नीट बसलं की मग चालवा, आणि विंडोज.ओल्ड त्यानंतर काढा.